घुमण्याचा प्रयोग

आमच्या घरात देव नव्हता, आणि बाबांना या गोष्टीचा जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या मास्तरकीचाही नव्हता. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले टाक, शेंदूर फासलेले दगड, ताईत, सगळं एका टोपलीत भरून गावाबाहेरच्या बोडीच्या पाण्यात सोडलं होतं. ती टोपली डोक्यावर वाहून नेली बाबांनी. तेव्हा ते शाळकरी होते. पुढे ते स्वतः शाळेत विज्ञान शिकवायला लागले, लोक त्यांना गुरुजी म्हणू लागले, पण ती टोपली काही त्यांच्या डोक्यावरून उतरली नाही. गावोगावी जाऊन लोकांच्या डोक्यातले देव काढायचे, हेच त्यांचं खरं काम. शाळा पोटासाठी.

आमचं गाव नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगलाला अगदी खेटून. घर दोन खोल्यांचं, कौलारू, मागे परसात अंबाडी आणि वांगी. सकाळी बाबा मोठ्या आवाजात वंदना म्हणत, त्याच वेळी आतून मायच्या सुपाचा आवाज येई, आणि मला कितीतरी वर्षं वाटायचं की वंदनेला सुपाची साथ असावीच लागते. भातावर लाखोळीचं घट्ट वरण आणि बाजूला चुलीच्या आरावर भाजलेल्या सुकटीची चटणी, हे आमचं जेवण. सुकटीच्या वासानं शेजारच्या कौसल्याबाईंची मांजर दारात येऊन बसायची. कौसल्याबाई कुणबी, घरात धानाची शेती, देव्हारा भरलेला. मायचं आणि त्यांचं रोवण्याच्या, भातलावणीच्या दिवसांत एकमेकींच्या बांधीत जाणं होतं, भाजीची देवाणघेवाण होती, पण बाबा अंगणात असले की त्या कुंपणापाशीच थांबत. बाबा त्यांना उपासतापासाबद्दल काहीतरी विचारत आणि उत्तराची वाट न पाहता समजावून सांगायला लागत.

रविवारी बाबांचे कार्यक्रम असत. लोखंडी ट्रंकेत त्यांचं सामान: कापूर, हळद, चुना, लिंबं, रसायनात बुडवून वाळवलेला चाकू. लिंबू कापलं की रक्त निघायचं. जिभेवर जळता कापूर ठेवायचे. प्रत्येक चमत्कार आधी करून दाखवायचा आणि मग उलगडून सांगायचा. लोक आधी घाबरत, मग हसत. बाबांना ते हसणं फार आवडे. मी अकरावीत गेले तेव्हा त्यांनी या सगळ्यात एका नव्या प्रयोगाची भर घातली, आणि तो प्रयोग म्हणजे मी. अंगात येतं ते बहुतेक बायांच्याच, मग पुरुषानं घुमून दाखवलं तर लोकांना पटायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मायला हे मुळीच आवडलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "पोरीले त्याच्यात नका घालू जी." बाबांनी ऐकलं नाही. मला मात्र आनंद झाला होता. बापासोबत फिरायला मिळणार, माणसांसमोर उभं राहायला मिळणार.

गणवीरकाका बाबांच्याच शाळेतले शिक्षक. ते डफडं वाजवायचे. मी केस मोकळे सोडायची, मान फिरवायची, हुंकार टाकायची, जोरजोरात श्वास घ्यायची. बायांचे हात आपोआप जोडले जायचे. मग बाबा खणखणीत आवाजात म्हणायचे, "बस!" आणि मी त्या क्षणी थांबायची. केसांचा आंबाडा घालायची आणि वक्तृत्व स्पर्धेच्या आवाजात सांगायची, "बंधूंनो आणि भगिनींनो, आत्ता माझ्या अंगात कोणीही आलं नव्हतं." त्या 'बस'मध्येच सगळा प्रयोग होता. मी थांबू शकते, म्हणजे थांबता येतं. म्हणजे कोणी येत नाही.

चिखल्याला खाण कामगारांच्या वसाहतीत कार्यक्रम होता त्या रविवारी आम्ही मँगनीजच्या रिकाम्या ट्रकमधून गेलो होतो. अंगावर काळा धुरळा. दुपार उतरत होती, वसाहतीतल्या मैदानावर सतरंज्या टाकल्या होत्या, बाया पुढे, पुरुष मागे, सुट्टीवरचे कामगार झाडांच्या पारावर. लिंबाचा, कापराचा प्रयोग झाला. मग गणवीरकाकांनी डफडं घेतलं. मी नेहमीसारखीच सुरुवात केली. हे मी ठासून सांगते, कारण पुढे सगळ्यांनी मला काहीबाही कारणं दिली. मी उपाशी नव्हते. मला ताप नव्हता. पाळी नव्हती. घाबरलेली नव्हते. मी एक पाठ केलेली गोष्ट करत होते आणि मनात दुसऱ्या दिवशीच्या रसायनशास्त्राच्या तासाचा विचार होता.

आणि मग मला डफड्याचा ठोका दिसायला लागला. ऐकू येत होताच, पण दिसतही होता. जमिनीत एक गोल उमटायचा आणि तो खाली खाली जायचा, पाण्यात खडा टाकल्यावर तरंग बाजूला जातो तसा नाही, सरळ खाली. पुढच्या गोलाबरोबर मीही खाली गेले. माती दिसत होती आणि मातीतून पलीकडचंही दिसत होतं. धानाची मुळं वरून लोंबत होती, पांढरी, ओली. मला वर माझं शरीर दिसलं, घुमणारं, अगदी लहान, आणि त्याच्याशी माझं काही नातं आहे असं वाटलं नाही. खाली सारवलेली जमीन होती. तिथे बाया बसल्या होत्या, ओळीनं, लाखोळी निवडत. कोणाचा चेहरा ओळखीचा नव्हता, पण परकीही कोणी वाटली नाही. त्यातली एक पाठमोरी होती. तिनं मागे न पाहता, हातातलं सूप न थांबवता म्हटलं, "एवढा उशीर काहून केला?" बस, एवढंच. रागावून नाही. शाळेतून उशिरा येणाऱ्या पोरीला विचारतात तसं. आणि मला वाटलं, मी घरी आले. असं मला आमच्या घरी कधी वाटलं नव्हतं, आणि नंतर माझ्या स्वतःच्या घरीही वाटलं नाही. हे लिहिताना आज या वयातही मला राग येतो, कारण पुढच्याच क्षणी माझ्या तोंडावर बादलीभर पाणी आलं.

डोळे उघडले तर बाबा रिकामी बादली घेऊन उभे. समोरच्या बायांची कपाळं जमिनीला टेकलेली. एका म्हातारीनं माझे पाय धरले होते. बाबा ओरडून सांगत होते की हे नाटक आहे, हा प्रयोग आहे, पण कोणी ऐकत नव्हतं. मला उभं राहून ते वाक्य म्हणायचं होतं, बंधूंनो आणि भगिनींनो. तोंडातून शब्द फुटला नाही.

परतीच्या ट्रकमध्ये बाबांनी आधी ट्रंकेला कुलूप लावलं. मग म्हणाले, "तुले ऐकू नाही आलं काय? मी बस, बस म्हणून राहिलो, अन् तुहं आपलं चालूच. एवढं वाढवाले कोणं सांगतलं होतं?"

मी म्हटलं, "बाबा, मी वाढवलं नाही. मले ऐकूच आलं नाही. डफडं लय जोरात होतं."

गणवीरकाका डफड्यावर हात ठेवून बसले होते. ते हळूच म्हणाले, "म्या त कवाचंच थांबवलं होतं, गुरुजी. पोरगी तरी ठोक्यावर घुमूनच राहिली होती."

"चूप बसा," बाबा म्हणाले.

गणवीरकाका चूप बसले. ते चांगले गृहस्थ होते, पण चूप बसा म्हटलं की चूप बसणारे होते.

बातमी आमच्या आधी गावात पोचली. दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई कुंपणापाशी न थांबता सरळ अंगणात आल्या. हातात नारळ, खण, तांदूळ. मला पाटावर बसवून ओटी भरायला लागल्या. "कोणती माय आली होती वो? मातामाय का दुसरी कोणी? आमच्या लहान्यासाठी इचारशील काय?" मी म्हटलं, कोणी माय नव्हती. त्या गोड हसल्या. "पहिल्या येळेस असंच लागते." मी उठून आत गेले. मला त्या नारळाचा संताप आला होता. मी काही पाहिलं होतं, आणि या बाईला त्यात काय होतं याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिला तिच्या लहान्याचं उत्तर हवं होतं.

त्याच आठवड्यात पलीकडच्या गोंड पाड्यातला मंगरू उईके आला. तो त्यांचा भुमका. कोणाला आजार झाला, पीक बिघडलं की देवाशी बोलणारा माणूस. उंच, मान ताठ, बोलणं सावकाश. तो अंगणात उकिडवा बसला आणि बाबांना म्हणाला, "गुरुजी, तुमची पोरगी खाली जाऊन आली. ते सगळ्याईले जमत नाही. तिले माह्याकडं शिकाले पाठवा. नाही त ते तिले आजारी पाडल." खाली हा शब्द त्यानं आपणहून वापरला. मी दाराआडून बाहेर येणार होते, त्याला विचारणार होते, तुम्हाला काय दिसतं, तिथे बाया असतात का. पण त्यानं माझ्याकडे पाहून पुढचं सांगून टाकलं. तो आमचाच देव आहे, तो असा दिसतो, तो हे मागतो, तू हे हे करायचं. त्याच्याजवळ सगळं आधीपासून ठरलेलं होतं. वर ते आजारी पाडण्याचं. मला धमकी दिलेली चालत नाही, मग ती देवाच्या नावानं असो की बापाच्या. बाबांनी त्याला हाकलून दिलं, आणि त्या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूची होते.

मग बाबांनी मला एसटीनं भंडाऱ्याला नेलं, डॉक्टरकडे. दवाखाना पितळी भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत होता, बाहेर सतत ठोकण्याचा आवाज. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी पाहिली आणि बोलले बाबांशी. "हिस्टेरिया आहे गुरुजी. या वयात मुलींना होतो. चांगलं स्थळ पाहा, लग्न झालं की जातं." बाबांनी मान डोलावली. देव न मानणाऱ्या, जिभेवर कापूर जाळणाऱ्या माझ्या बापानं या वाक्याला पुरावा मागितला नाही. मी बाहेर येऊन म्हटलं, "हे एखाद्या मांत्रिकाच्या अंगाऱ्यासारखंच झालं, बाबा." त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. भर बाजारात. आयुष्यात एकदाच.

घरी आल्यावर माय मला परसात घेऊन गेली. वांग्यांना पाणी घालता घालता, माझ्याकडे न पाहता तिनं सांगितलं. "तुह्या बापाले एक लहाना भाऊ होता. रामा. अन् तुह्या आजीच्या अंगात ये. पाच गावचे लोक येत तिच्यापाशी. रामाले ताप आला तवा आंगण लोकाईनं भरलं होतं. तिच्या अंगात आलं, अंगारा लावा म्हणे, बरा होते. तुमसरच्या दवाखान्यात नेऊ म्हणून तुहा बाप रडे. कोणं नेऊ देल्लं नाही. तुह्या बापाच्याच मांडीवर गेला तो. त्या दिवसापासून तुही आजी कधी केस मोकळे सोडून नाहाली नाही."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मला बाबांची कीव आली, खूप आली. पण मला आणखी एक कळलं. या भांडणात मी कधी जिंकणार नव्हते, कारण त्यांच्या बाजूला एक मेलेलं पोर होतं. मेलेल्या पोरासमोर कोण काय बोलणार? आणि मी कोणाला अंगारा लावला होता? मी कोणाला औषधापासून अडवलं होतं?

बाबांनी गावातल्याच शाळेच्या पटांगणात सभा ठेवली. चिखल्यालाही निरोप गेला, तिथलेही लोक आले. आदल्या संध्याकाळी बाबांनी मला समोर बसवलं. आवाज मऊ होता. "उद्या एवढंच सांगायचं. मी नाटक केलं होतं. जास्त झालं, चुकलं. बस."

"पण मी नाटक नव्हतं केलं."

"मग काय देवी आली होती?"

"देवी नाही आली."

"मग नाटकच झालं ना? तिसरं काय असते?"

"मले माहीत नाही तिसरं काय असते," मी म्हटलं. "तुमीच शिकवलं ना, प्रयोगात जे दिसलं तेच सांगायचं. उत्तर जुळत नाही म्हणून रीडिंग बदलायचं नाही. मग माह्या टायमाले काहून बदलून राहिले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील. आता म्हणतील, सांग, काय दिसलं. माझी तयारी होती. गोल, मुळं, बाया, सूप, सगळं मी क्रमानं सांगणार होते, आणि मग आम्ही दोघं मिळून विचार करणार होतो की हे कसं झालं असेल. मला तेवढंच हवं होतं. ते म्हणाले, "या घरात राहाचं असल त उद्या सांगशील," आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी पटांगण भरलेलं. कौसल्याबाई पुढे, हातात पुन्हा नारळ. कडेला मंगरू. मी उभी राहिले. मी म्हटलं, "चिखल्याला माझ्या अंगात देव आला नाही. कोणी माझ्या पाया पडू नये, मला काही विचारू नये, आजारी माणसाला दवाखान्यात न्यावं. आणि मी नाटकही केलं नाही. मला काहीतरी दिसलं. ते काय होतं हे मला माहीत नाही. जेव्हा कळेल तेव्हा सांगीन."

कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. कौसल्याबाईंनी नारळ पदराखाली घेतला. मंगरू उठून चालता झाला. बाबांनी माझ्याकडे न पाहता लिंबाचा प्रयोग सुरू केला. माहीत नाही, या दोन शब्दांनी देवाची आणि विज्ञानाची दोन्हीकडची माणसं एकदम नाराज होतात, हे मी त्या दिवशी शिकले. अजूनही तेच पाहते. आजकाल माझ्या फोनवर एक जण कुंडलिनी आणि क्वांटमचे व्हिडिओ पाठवतो, दुसरा मेंदूतल्या कुठल्यातरी रसायनाचं नाव पाठवून खाली हसरा चेहरा टाकतो. दोघांचीही खात्री पटलेली असते. दोघांनाही माझा राग कशाचा आहे ते कळत नाही.

घरातून मला कोणी काढलं नाही. मायनं जेवणच सोडलं होतं, म्हणून. पण बाबांनी मला पुन्हा कार्यक्रमाला नेलं नाही, आणि पुढची कित्येक वर्षं कामापुरतंच बोलले. मी लग्नाला नाही म्हटलं आणि भंडाऱ्याला कॉलेजात गेले, प्राणिशास्त्र घेतलं, पुढे तेच शिकवलं. जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, एका लयीतला आवाज त्यात भर घालतो. मी हे वाचलं, तपासलं, मला पटतं. मी देव मानत नाही. पण नंतरही दोनदा मी तिथे गेले. एकदा मायसोबत रोवणा करताना, एकदा धावत्या एसटीत खिडकीपाशी. तेव्हा ना डफडं होतं, ना मी जोरात श्वास घेत होते. दोन्ही वेळा ती बाई पाठमोरी, दोन्ही वेळा सूप चाललेलं. कशानं दिसतं हे मी थोडंफार सांगू शकते. तेच का दिसतं, हे मला कोणत्याही पुस्तकात मिळालं नाही, आणि ज्याच्याशी बोलावं असा एक माणूस होता, त्यानं तोंड फिरवलेलं.

बाबा चांगले पिकलं पान होऊन गेले. भंडाऱ्याला एका सभागृहात पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला. गावोगावचे लोक आले होते, ज्यांची पोरं बाबांमुळे वेळेवर दवाखान्यात पोचली असे कितीतरी. मी रडत होते, खोटं नाही. मग बाबांचे एक शिष्य, स्वतः निवृत्त मुख्याध्यापक, बोलायला उभे राहिले. म्हणाले, "गुरुजी नेहमी एक किस्सा सांगत. त्यांच्या मुलीनं चिखल्याला अंगात येण्याचं नाटक इतकं हुबेहूब वठवलं की लोक पाया पडले! मग तिनंच गावासमोर कबूल केलं की ते नाटक होतं. असा बाप आणि अशी लेक!" सभागृहात टाळ्या. ते माझ्याकडे पाहून हसले.

म्हणजे बाबा जन्मभर हे सांगत फिरले होते. पटांगणात माझ्या शेजारी उभे होते ते. त्यांनी माझा शब्द न् शब्द ऐकला होता.

मी उठले आणि माईक घेतला. "गुरुजी आयुष्यभर खरं बोलले," मी म्हटलं, "ही एक गोष्ट सोडून. ते नाटक नव्हतं, आणि मी तसं कधी कबूल केलं नाही. मी माहीत नाही म्हटलं होतं. त्यांनी माझं उत्तर बदललं." कोणीतरी माईकचा आवाज बंद केला. एक जण कानात म्हणाला, मॅडम, आज तरी नको. मग केव्हा? मी मायचा हात धरला आणि बाहेर पडले.

ऑटोत माय माझ्या शेजारी अंग चोरून बसली होती. पार वाळून गेली होती ती. मला वाटलं, आता ही मला बोलणार, आजच्या दिवशी बापाची अब्रू काढली म्हणून. बसस्टँड मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, "यशे, काय दिसलं होतं वो तुले?"

माझे केस पांढरे झाले होते. "आता इचारून राहिली, माय?" मी म्हटलं. ऑटोवाल्यानं मागे वळून पाहिलं, इतका माझा आवाज चढला होता. "इतक्या वर्षांत कोणं इचारलं नाही. तू बी नाही."

"आता त इचारलं ना," ती म्हणाली.

मी सांगितलं. रागारागात, तुटक, ऑटोच्या खडखडाटावर आवाज चढवून. गोल, मुळं, सारवलेली जमीन, लाखोळी निवडणाऱ्या बाया, ती पाठमोरी, ती काय बोलली ते. माय कान देऊन ऐकत होती. मधे एकदा तिनं विचारलं, लाखोळी नवी होती का जुनी. मी म्हटलं, नवी. तिनं मान हलवली. मग तिनं विचारलं, "मग तिनं जेवाले बसवलं काय तुले?"

"नाही," मी म्हटलं. "बाबांनं पाणी मारलं ना तोंडावर."

मायनं पदरानं माझं तोंड पुसलं, जसं काही ते पाणी अजून ओलंच होतं. "त्याईले सारी घाईच," ती म्हणाली.